सुराआधीची जागा

१

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, त्या वाचणाऱ्यानं माफ कराव्यात. नववीनंतर मी शाळेत गेलो नाही. मोठे शब्द मला येत नाहीत, आणि जे झालं ते सांगायला ते लागतील असंही वाटत नाही. लिहायला कोणी सांगितलेलं नाही. बोलून सांगण्यापेक्षा हे मला सोपं जातं, एवढंच.

माझं नाव राकेश. परळला एका साउंडवाल्याकडे मी मिक्सर आणि वायरी सांभाळतो. सुटीच्या दिवशी कीबोर्ड वाजवतो. आमची भीमगीतांची पार्टी आहे. पार्टी रामदासकाकांची. वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्या समोरच्या इमारतीत ते राहायचे. गिरणी गेल्यावर त्यांनी पेटीवर घर चालवलं. आता त्यांना दम लागतो. छातीत अजून कापूस उडतोय, असं ते स्वतःच सांगतात.

काकांची आणखी एक गोष्ट सगळ्या चाळीला माहीत होती. त्यांना काही विचारलं की ते लगेच बोलत नसत. आधी श्वास घ्यायचे, थांबायचे, मग बोलायचे. आमचा ढोलकीवाला अमित म्हणायचा, "काकांना प्रश्न विचारा, खाली जाऊन वडापाव खाऊन या, तोवर उत्तर तयार." मला त्यांच्याकडे बसायला आवडायचं ते यामुळेच. मलाही बोलायला वेळ लागतो. कोणी काही विचारलं की मी आधी खाली बघतो, डाव्या कानाची पाळी ओढतो, मग बोलतो. आम्ही दोघं अर्धा तास बसलो तर चार वाक्यं व्हायची.

त्यांची इमारत रिकामी व्हायच्या आधीच्या रविवारी मी त्यांची पेटी रेकॉर्ड केली. पेटीचा भाता फाटत आला होता, पुढे वाजेल याची खात्री नव्हती. सदतीस पट्ट्या, प्रत्येक एकदा हळू आणि एकदा जोरात. चौऱ्याहत्तर सूर. ते लॅपटॉपमध्ये भरले की कीबोर्डची पट्टी दाबल्यावर काकांच्या पेटीचा तोच सूर वाजतो. कमलाकाकूंनी खिडकी लावली, पंखा बंद केला, बाहेर गॅलरीत खेळणाऱ्या पोरांना हाकललं. काका प्रत्येक सुराआधी भाता भरायचे आणि सोबत तोंडानं श्वासही घ्यायचे. मग क्षणभर थांबायचे. मग पट्टी.

शेवटची पट्टी झाल्यावर म्हणाले, "राकेश, सुराच्या आधीचं कापू नकोस हां."

"नाही काका."

"मशीनवाले कापतात. मला म्हायतीये."

"मी नाही कापणार."

थोडं कापावं लागलंच. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला दोन-दोन सेकंद नुसती खोली होती. पण सुराच्या अगदी आधीचा, सेकंदाचा दहावा भाग मी ठेवला. श्वास घेऊन झाल्यावर काका थांबायचे, तो भाग.

२

एप्रिलमध्ये दादरच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. रविवारी संध्याकाळी सहाला. काकांना आता गाणं झेपत नव्हतं, म्हणून त्यांची नात दीपिका पहिल्यांदा मुख्य गाणार होती. एवढ्या मोठ्या लोकांपुढे ती कधी एकटी गायली नव्हती. पेटी लॅपटॉपमधून मी वाजवणार होतो.

विहारातल्या पहिल्याच तालमीत तिनं गाणं मध्येच थांबवलं.

"राकेश, तू मागून येतोयस."

मी खाली बघितलं. "मी वेळेवर दाबतोय."

"मग पेटी मागून येते. कोणीतरी येतंय ना मागून!"

अमित म्हणाला, "पेटी अजून जुन्या खोलीत राहते. तिकडून चालत येते."

सगळे हसले. मीही हसलो. पण ती बरोबर होती. पट्टी दाबणं आणि आवाज येणं यांच्यात अंतर पडत होतं. त्याला लेटन्सी म्हणतात. लॅपटॉप आवाज थोडा थोडा साठवून मग बाहेर सोडतो. त्या साठवणीला बफर म्हणतात. बफर मोठा असेल तर उशीर होतो, फार लहान केला तर आवाज तडतडतो. माझा पाचशे बारावर होता. मी तो दोनशे छप्पन्नवर आणला, मग एकशे अठ्ठावीसवर. चौसष्टवर तडतड सुरू झाली, म्हणून पुन्हा एकशे अठ्ठावीस. वायफाय बंद केलं. बॅटरी वाचवायची सेटिंग काढली. लॅपटॉप जुना आहे, तरी जे करता येतं ते सगळं केलं.

लॅपटॉपमधलेच दुसरे आवाज, पियानो, बासरी, आता बोटाला चिकटून येत होते. पेटीच तेवढी मागून येत होती.

मग लक्षात आलं. उशीर लॅपटॉपमध्ये नव्हता. मी ठेवलेल्या त्या दहाव्या भागात होता. पट्टी दाबली की आधी काका थांबत होते, मग सूर येत होता.

मंगळवारी कामावरून आल्यावर मी मधल्या सप्तकाच्या फाइल उघडल्या. आवाज तिथे रेघेसारखा दिसतो. आधी सपाट, मग डोंगर. डोंगर सुरू होतो तिथे कात्री लावायची आणि मागचं पुसायचं. सव्वीस फाइल झाल्या. काकांना दिलेला शब्द आठवत होता. पण कार्यक्रम त्यांच्याच नातीचा आहे, असं मी स्वतःला सांगितलं. जुन्या फाइलवरच नव्या सेव्ह केल्या, कारण लॅपटॉपमध्ये जागा नव्हती. रेकॉर्डरचं कार्डही तोवर मालकानं एका लग्नासाठी पुसून वापरलं होतं.

बुधवारी तालमीत दीपिकानं अंगठा दाखवला.

३

गुरुवारी सकाळी मी काकांकडे गेलो. नवीन टॉवर, सतरावा मजला. दार उघडल्यावर समोर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, जुन्या खोलीत होते तसेच शेजारी शेजारी. बाकी घर ओळखीचं वाटत नव्हतं. टाइल्स फार पांढऱ्या होत्या.

"जय भीम, काका. तब्येत कशी आहे?"

"बरी आहे, बस."

मी उभाच राहिलो. त्यांनी लगेच उत्तर दिलं होतं.

कमलाकाकू आतून आल्या. चेहरा खुलला होता. "बघितलंस? मंगळवारपासून असं चाललंय. पटापटा बोलतात. दम्याचा नवीन पंप दिलाय डॉक्टरनं, तो लागू पडला."

"इतकी वर्षं थांबून थांबून बोललो," काका म्हणाले. "किती वेळ वाया गेला असेल, नाय?"

"आता माझ्याशी भांडायला लागतील," काकू म्हणाल्या. "मला सवय नाही हो उलट उत्तराची."

मी चहा घेतला. काका बोलत होते, दीपिकाबद्दल, लिफ्टबद्दल, पाण्याच्या वेळेबद्दल. आनंद वाटायला हवा होता. पंप लागू पडतो, माणूस बरा होतो. यात नवल काही नाही.

मंगळवार हा शब्द मात्र डोक्यात राहिला.

४

गुरुवारीच संध्याकाळी दीपिका म्हणाली, "मधलं सप्तक मस्त झालंय रे. पण वर गेलास की परत मागे पडतोस. वरचंही कर ना तसंच."

"करतो."

"आणि खालचं?"

"खालचे सूर कमी लागतात."

"लागतात थोडे. कर सगळंच एकदा, म्हणजे माझ्या डोक्याला ताप नको."

वरच्या सप्तकाच्या चोवीस फाइल मी त्याच दिवशी कापल्या. खालच्या चोवीस ठेवल्या. का ठेवल्या ते तेव्हा सांगता आलं नसतं.

शुक्रवारी कामाला जाताना पुन्हा काकांकडे गेलो. काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. मी चप्पल काढली, आणि चहा झाला का विचारावं म्हणून तोंड उघडलं.

"दोनदा झाला," काका म्हणाले.

मी विचार केला, सकाळी आलेला प्रत्येक माणूस हेच विचारतो. यात काय आहे. म्हणून मी कोणी विचारणार नाही असं काहीतरी शोधलं. त्यांच्या पहिल्या पेटीच्या भात्याचा रंग. मला तो माहीत नव्हता. खाली बघितलं, कानाकडे हात नेला.

"विटकरी," काका म्हणाले. "पण पावसात भिजून काळा पडला."

"काय विटकरी?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

काका माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर विशेष काही नव्हतं. आपण काही वेगळं केलं हे त्यांना कळलंही नसावं. त्यांच्या लेखी मी विचारलं होतं आणि त्यांनी सांगितलं होतं.

मग मी त्यांच्या छातीकडे बघत बसलो. माणूस बोलण्याआधी श्वास घेतो. थोडा घेईल, पण घेतो. सदऱ्याचं वरचं बटण जरा वर जातं. काका बोलत होते आणि बटण हलत नव्हतं. वाक्य झाल्यावर ते एकदा हलायचं. श्वास नंतर येत होता.

मी अर्धा तास मोजलं. एकदाही उलटं झालं नाही.

५

शनिवारी सकाळी काकूंचा फोन आला. आवाज बसला होता.

"राकेश, ते काहीही बोलायला लागलेत रे."

"काय बोलले?"

"पहाटे मी पाणी द्यायला उठले तर ते पडल्या पडल्याच म्हणाले, 'हो, सगळे आले. आता उचला.' आधी मला कळलंच नाही. मग कळलं. कोण विचारतं असं, कधी विचारतं, तुला ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक होतं. चाळीत कोणी गेलं की खाली जिन्याशी कोणीतरी म्हातारा माणूस विचारतो, सगळे आले का. गावाहून येणाऱ्यांसाठी थांबलेले असतात. मग कोणीतरी हो म्हणतं.

"काकू, ताप असेल."

"अंग गार आहे."

"डॉक्टर?"

"येऊन गेले. म्हणाले सगळं ठीक. मला दीपिकाला सांगायचं नाही. तिचा उद्या कार्यक्रम आहे."

फोन ठेवल्यावर मी स्वतःला समजावलं. म्हातारी माणसं झोपेत बोलतात. गोळ्यांचा परिणाम असतो. लॅपटॉपमधल्या फाइलीचा आणि माणसाच्या छातीचा संबंध नसतो. हे मी सरळ, क्रमानं समजावलं आणि सगळं पटलं. तरी मालकाला फोन करून सांगितलं की आज येत नाही.

कापलेलं परत आणायला काही उरलं नव्हतं. फाइल गेल्या होत्या, कार्ड पुसलेलं होतं. पेटीचा भाता घर हलवताना पुरता फाटला होता. नुसती शून्याची शांतता जोडता आली असती, लॅपटॉप ती देतो. पण ती शांतता नसतेच. तिच्यात कोणी नसतं. काकांच्या त्या दहाव्या भागात काका होते.

आई कामावर गेली होती. मी खिडकी लावली, पंखा बंद केला, माइक लावला. काकांसारखा तोंडानं श्वास घेतला आणि थांबलो. मग सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा थांबलो. पन्नास फाइल कापल्या होत्या. मी पन्नास वेळा थांबलो.

दुपारी बसून प्रत्येक सुराच्या आधी माझ्या थांबण्याचा एकेक दहावा भाग जोडला. जोड दिसत नव्हता. सपाट रेघेला सपाट रेघ लागली.

मग दीपिकाला फोन करून सांगितलं की पेटी पुन्हा आधीसारखी येईल.

"म्हणजे मागून?"

"हो."

"का पण? राकेश, उद्या आहे कार्यक्रम. समोर तीनशे लोक. माझं पहिलं आहे हे. तुला माहितीये ना?"

मला माहीत होतं.

"मी सांभाळून घेईन," मी म्हणालो.

"कसं?"

"आधी दाबीन."

"तू ना, येडा आहेस," ती म्हणाली आणि फोन ठेवला. कार्यक्रम बिघडला असता तर ती मला पुन्हा पार्टीत घेणार नव्हती, आणि ते बरोबरच होतं.

६

कार्यक्रमाला काका आले नाहीत. काकूही घरीच थांबल्या. पुढच्या रांगेत त्यांच्या दोन खुर्च्यांवर हार ठेवण्याची ताटं होती.

पहिल्या गाण्याला मी मोजत होतो. सूर जिथे हवा त्याच्या दहावा भाग आधी बोट. हे अवघड असतं, कारण आपणच वाजवलेलं ऐकून हात मागे ओढला जातो. पहिल्या कडव्यात दोनदा चुकलो. अमितनं भुवई उडवली.

दुसऱ्या कडव्यापासून चुकलो नाही. मोजणं सुटलं होतं, तरी चुकलो नाही. तिसऱ्या गाण्यात दीपिकानं ठरलेलं नसताना एक ओळ परत घेतली. ठरलेलं नव्हतं हे मी मुद्दाम लिहितो. ती तशीच पुढे जाणार होती, तालमीत कायम गेली होती. पण ती वळायच्या आधीच माझी बोटं परतीच्या सुरांवर गेली होती. मी त्यांच्याकडे बघितलं. ती आपोआप पट्ट्या दाबत होती आणि मागून गाणं त्यांच्यावर येऊन बसत होतं.

लोक उभे राहिले. शेवटी दीपिका स्टेजच्या मागे आली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"काय वाजवलंस रे! मला वाटलं, आजोबाच बसलेत. मी कुठे जाणार ते तुला कसं..."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

तिचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं. मी खाली बघितलं नव्हतं. कानालाही हात लावला नव्हता.

तिला ते जाणवलं नाही. अमितला जाणवलं. "अरे वा," तो म्हणाला, "राकेशला तोंड फुटलं."

७

सोमवारी सकाळी आठला मी काकांकडे गेलो.

दार काकूंनी उघडलं. रात्रभर शांत झोपले, म्हणाल्या. परत आधीसारखे थांबून बोलतात. आता तेच बरं वाटतं.

काका खिडकीशी खुर्चीत होते. मी समोर बसलो.

"कार्यक्रम छान झाला, काका. दीपिकानं सांगितलं का?"

काकांनी श्वास घेतला. सदऱ्याचं बटण वर गेलं. ते थांबले. मला इतकं हलकं वाटलं की डोळे मिटावेसे वाटले.

मग त्यांनी मान खाली घातली. हात वर गेला आणि डाव्या कानाची पाळी त्यांनी दोन बोटांत धरून ओढली.

"सांगितलं," ते पुटपुटले. माझ्याकडे न बघता.

काका हजार लोकांपुढे गायलेले आहेत. पोलिसांनी माइक बंद केला तर बिनमाइकचे गायलेले आहेत. त्यांना मान खाली घालून बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. काकू दारातून बघत होत्या, पण नवरा परत मिळाला एवढंच त्यांना दिसत होतं.

काकांनी हात खाली घेतला आणि स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बराच वेळ. त्यांचे ओठ नुसते विलग झाले.

"हो काका," मी म्हणालो. "मीच कापलं होतं. जोडलंय ते माझं आहे."

त्यांनी तोंड मिटलं. विचारायचं काही राहिलं नव्हतं. त्यांनी पुढे होऊन माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तिथे होता. त्यांना माझी दया येत होती. का, ते मला त्या वेळी कळलं नाही.

काकूंनी पोहे आणले. मी खाल्ले. नंतर निघालो.

लिफ्टमध्ये एक बाई होत्या, हातात दुधाची पिशवी. मी त्यांना ओळखत नव्हतो. दार लागलं, लिफ्ट खाली निघाली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, काही बोललेल्याही नव्हत्या.

"नाही," मी म्हणालो. "आता दुखत नाही."

आवाज स्पष्ट होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसानं उशाशी बसलेल्याला सांगावं, तसा.

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मी चौदाव्या मजल्याचं बटण दाबलं, दार उघडल्यावर उतरलो आणि जिन्यानं चालायला लागलो. कठडा दोन्ही हातांनी धरला होता. प्रत्येक पायरीआधी मी श्वास घ्यायचा प्रयत्न केला. पाऊल आधी पडत होतं.